पडदा काळा आहे, मी मेलेलो नाही

मी एक जुना डेस्कटॉप आहे. मित्रांनो, मेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात सगळ्यांनी मला मेला म्हणून ठरवूनच टाकलंय. मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, मला माझ्याच वायरने गुंडाळून ठेवलंय. डोक्यावर रिकाम्या डब्यांची पिशवी आहे. बाजूला माझं जोडीदार, खेळातलं स्टीअरिंग, पालथं पडलंय. भंगारवाल्याला निरोप गेलाय आणि तो आज येतो म्हणालाय. मला ओरडता येत असतं तर मी सगळी इमारत गोळा केली असती. पण मला आवाज एकच, पंख्याचा, आणि त्यालाही वीज लागते.

बंद असताना तुला हे सगळं कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. अहो, भिंतीला कान असतात असं तुम्हीच म्हणता ना? मग माझ्या अंगाला तर चहूकडून जाळ्या आहेत. मी सगळं ऐकतो. नुसतं ऐकणं किती वाईट असतं, ते मला विचारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. मला मामांनी जुळवलं. मामा म्हणजे या घरातल्या भाचीचे मामा, पण गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. माझं कॅबिनेट एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलं, मदरबोर्ड एका दुरुस्तीवाल्याच्या खोक्यातून, आणि ग्राफिक्स कार्ड कुणी नवं घेतलं म्हणून टाकून दिलेलं. प्रत्येक तुकडा मामांनी चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसला. मग मला पहिल्यांदा वीज दिली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. मी चालू झालो तेव्हा ते लहान मुलासारखे हसले होते.

मामांना मतं फार. लग्न केलं नाही, त्यामुळे ती मतं खोडणारं घरात कुणी नव्हतं. थोरली बहीण, म्हणजे ताई, मुलीला घेऊन याच घरात राहते, पण ती नुसतं "हो रे बाबा" म्हणायची आणि भाजी चिरायची. "नवं कोरं यंत्र कधी घेऊ नये," मामा तिला सांगायचे. "नव्या यंत्राशी बोलायचं कसं, ते लिनक्सवाल्यांनी अजून लिहिलेलं नसतं. एक पिढी मागचं घ्यावं. तोवर कुणीतरी भला माणूस ते लिहून मोकळा झालेला असतो." लिनक्स म्हणजे माझ्या आत चालणारी प्रणाली. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी. हल्ली डब्यांना रंगीत दिवे लावतात, त्यावर तर मामा खवळायचेच. "पंख्याला दिवे लावून गाडी जोरात पळते होय? काय दिवे लावलेत!"

गाडी म्हणजे शर्यतीच्या खेळातली गाडी, मित्रांनो. आमच्या घरात दुसरी गाडी नव्हती. मामांना त्या खेळांचं वेड होतं आणि त्यातही त्यांची मतं होती. ज्या खेळात गाडी भिंतीवर आपटून आणखी जोरात पुढे जाते, त्याला ते शर्यत म्हणत नसत, जत्रेतला पाळणा म्हणत. "चित्र गुळगुळीत असून काय करायचंय? गाडीला वजन हवं. वळणावर ती हातात जड व्हायला हवी." म्हणून तर स्टीअरिंग आलं. त्याच्या पोटात मोटर आहे. तुम्ही वळवलं की ते तुम्हाला उलट ढकलतं, खड्डा आला की थरथरतं. ते बनवणाऱ्यांनी कधीच हात वर केले होते. नव्या यंत्रांवर ते चालत नाही, चालणारही नाही. पण माझ्या लिनक्सने त्याला ओळखलं. तेव्हापासून आमची जोडी जमली. ते माझ्याविना मुकं आणि मी त्याच्याविना नुसता हिशेबनीस.

आणि मामांचा एक कायदा होता. शर्यत अर्ध्यावर सोडून पहिल्यापासून सुरू करायची नाही. खेळात तसं बटण असतं. एक वळण चुकलं की बाकीचे लोक ते दाबतात. मामांनी कधीच दाबलं नाही. गाडी वाळूत रुतली, चाक निखळलं, सगळे पुढे निघून गेले, तरी ते खुरडत खुरडत शेवटची रेघ ओलांडायचे. भाची म्हणायची, "मामा, पुन्हा सुरू कर ना, किती कंटाळवाणं!" मामा म्हणायचे, "केलेली चूक घेऊन घरी यायचं. रस्त्यात टाकून यायचं नाही." मला तेव्हा ते निव्वळ खुळ वाटायचं. उगाच माझा पंखा तापायचा.

आता माझ्या काळ्या पडद्याचं सांगतो, कारण त्यानेच घात केला. मी चालू झालो की इतर संगणकांसारखं फुलांचं चित्र, डोंगर, घड्याळ असलं काही दिसत नाही. मामांना तो नखरा वाटायचा. "दाराला कडी पुरे, कमान कशाला?" म्हणून त्यांनी सगळं काढून टाकलं. माझा पडदा पूर्ण काळा असतो आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत असते. ती रेघ म्हणजे मी. मी नाव विचारत असतो. नाव टाका, परवलीची खूण टाका, मग मी दार उघडतो. हे फक्त मामांना माहीत होतं. आणखी कुणाला सांगावं, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

एके दिवशी दुकानात काच घासता घासता मामा खाली कोसळले. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. दिवसभर मतं ठोकणाऱ्या त्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, "नाही." चहा हवा का विचारलं तरी "नाही", आणि डाव्या हाताने कप जवळ ओढायचे. खिडकी उघडू का? "नाही", आणि उघडली की बरं वाटायचं. बिचाऱ्यांना दुसरा शब्द सापडतच नव्हता. घरातले हळूहळू शिकले की मामांचं "नाही" मनावर घ्यायचं नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्यांनी मामांच्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला. मामांनी तो घरंगळू दिला. रोज बाई द्यायच्या आणि रोज तो पलंगाखाली जायचा. एकदा बाई स्वयंपाकघरात ताईला म्हणाल्या, "हात आत्ताच हलायला हवा हो. बोटं एकदा आखडून मिटली की माझ्या हातात काही राहणार नाही. पण त्यांनाच नको असेल तर मी कुठवर ओढू?" मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आतल्या खोलीत धूळ खात होतो आणि मनात नुसता जप चालला होता: मला लावा, अरे कुणीतरी मला लावा, त्या हाताला ढकलणारं स्टीअरिंग इथे आहे!

आणि भाचीला ते सुचलं! गुणाची पोर. आत आली, माझं बटण दाबलं. किती दिवसांनी वीज मिळाली म्हणून सांगू! मी धडपडत उठलो आणि कोपऱ्यात रेघ लुकलुकवत उभा राहिलो. नाव टाक पोरी, नाव टाक. ती बघत राहिली. माउस हलवला. काहीच होईना. मग तिने ऑफिसातल्या संगणकवाल्याला फोन लावला. "चालू होतो, पण स्क्रीन काळीच राहते." तो पलीकडून म्हणाला, "किती जुना आहे? मग मदरबोर्ड गेला असणार. टाकून दे, जागा अडवतोय." माझा मदरबोर्ड ठणठणीत होता हो! मी जीव तोडून लुकलुकत होतो. तिने बटण दाबून मला बंद केलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने नवा कोरा लॅपटॉप आणला. पातळ, चकचकीत, कळांखाली दिवे. माझा मॉनिटर बाहेरच्या खोलीत नेऊन त्याला जोडला, शर्यतीचा खेळ घातला, स्टीअरिंगही जोडलं. त्याने स्टीअरिंगला ओळखलंच नाही. कसं ओळखणार? भाचीने खूप खटपट केली, मग म्हणाली, "आई, हेपण गेलंय." आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मामांनी लॅपटॉपकडे नुसतं एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ताईने त्यांना विचारलं मात्र. खोटं कशाला बोलू? पलंगाशी बसून म्हणाली, "अरे, तो तुझा जुना डबा बंद पडलाय. देऊन टाकू का भंगारात?"

"नाही!" मामा म्हणाले. "नाही, नाही, नाही!"

ताईने त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "बरं बरं, देते हो," म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे झालं ते मी कुठल्या भाषेत सांगू? माणूस खरं बोलत होता आणि ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघेही सारखेच झालो होतो. आत सगळं शाबूत आणि बाहेर काळा पडदा.

थांबा. बेल वाजली. आला तो.

पुढचं मी नंतर सांगतोय, कारण तेव्हा मला कसलंच भान नव्हतं. भंगारवाला दारातूनच म्हणाला, "लवकर द्या हो, हातगाडी रस्त्यात उभी आहे." ताईने रद्दी पुढे केली. भाचीने मला गॅलरीतून उचललं. स्टीअरिंग माझ्या डोक्यावर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीतून दाराकडे निघाली. मामा खिडकीपाशी खुर्चीत बसवलेले होते. चालता चालता माझी वायर सुटली आणि फरशीवर सापासारखी मागे येऊ लागली. आणि मग मला मागून हिसका बसला. मामांनी वायरवर डावा पाय ठेवला होता.

"मामा, पाय काढ ना," भाची म्हणाली.

मामा वाकले. पडतात की काय असं वाटलं. पण त्यांनी डाव्या हाताने वायर पकडली आणि मनगटाला वेढा दिला. "नाही," ते म्हणाले.

"अगं, त्याचं काय, तो सगळ्यालाच नाही म्हणतो," ताई म्हणाली. "सोडव हळूच."

भाचीने मला खाली ठेवलं. ती मामांसमोर उकिडवी बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघू लागली. "मामा, तोंडाने काही सांगू नकोस. हा द्यायचा असेल तर वायर सोड. द्यायचा नसेल तर धरून ठेव."

मामांनी वायर अशी आवळली की मनगट पांढरं पडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग भाचीने मामांच्या मनगटावरचा वेढा सोडवला आणि तिथेच, चपलांच्या शेजारी फरशीवर, मला वीज, मॉनिटर, कीबोर्ड आणि स्टीअरिंग जोडलं. भाचीने बटण दाबलं. पडदा काळा. "दिसतंय ना?" ताई हळू आवाजात म्हणाली. "उगाच त्याला आशा लावू नकोस गं." मी लुकलुकत होतो. मामांनी कीबोर्ड मांडीवर ओढला. डाव्या हाताच्या एका बोटाने, कळ शोधत शोधत, नावाचं पहिलं अक्षर दाबलं. काळ्या पडद्यावर ते उमटलं.

"अगं बाई!" ताई म्हणाली. भंगारवाल्याने रद्दी खाली ठेवली आणि मान आत घातली.

नाव पुरं झालं, खूण टाकून झाली आणि मी दार उघडलं. पंखा घरघरला. स्टीअरिंगने अंग झाडून आपल्या सवयीप्रमाणे डावीउजवीकडे एक फेरी घेतली, तशी भाची दचकून मागे सरकली आणि मग हसायला लागली. तिने मामांचा उजवा हात उचलून स्टीअरिंगवर ठेवला. बोटं धरेनात, म्हणून ताईने आपला रुमाल आणून ती सैलसर बांधली. उजव्या पायात जोर नव्हता, म्हणून भाची जमिनीवर बसून हाताने रेसचं पेडल दाबू लागली. असला ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नव्हता.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर स्टीअरिंगने ढकललं आणि तो मेल्यासारखा हात त्याच्याबरोबर फिरला. दुसऱ्या वळणावर मात्र गाडी सरळ गेली ती वाळूत. चाकं फिरेनात. भोवती धूळ. सगळे पुढे निघून गेले.

"असू दे मामा, असू दे," भाची घाईघाईने उठली. "पुन्हा पहिल्यापासून करू." तिचा हात त्या बटणाकडे गेला.

मामांनी डाव्या हाताने तिचा हात बाजूला केला. "नाही," ते म्हणाले.

या वेळी ते "नाही" कुणी "हो" समजलं नाही. भाची पुन्हा खाली बसली आणि हळूहळू रेस देऊ लागली. गाडी खुरडत वाळूतून निघाली. भिंतीला घासली, गवतात गेली, परत रस्त्यावर आली. भंगारवाला म्हणाला, "डावीकडे घ्या हो, डावीकडे!" ताई पदर तोंडाशी धरून उभी होती. सगळ्यांच्या शेवटी, रस्ता रिकामा झाल्यावर, मामांनी ती रेघ ओलांडली. रुमालात बांधलेलं त्यांचं मधलं बोट किंचित वाकलं होतं. ते मोटरने वाकवलं नव्हतं. मी मोटरला तसं काही सांगितलंच नव्हतं.

भंगारवाला नुसती रद्दी घेऊन गेला. मी आता बाहेरच्या खोलीत असतो. बाई येतात, चेंडू बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "चला, गाडी काढा." पण मित्रांनो, खरं सांगतो, मला धास्ती आहे. माझा पंखा आता घासून फिरतो. डिस्क मधूनच कुरकुरते. मामांची दोन बोटं अजून मिटलेलीच आहेत. रोज बटण दाबलं की मी स्वतःलाच विनवतो, आज नको, आज बंद पडू नकोस.

म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. मला हात नाहीत, तरी जोडतो. कुठलीही जुनी वस्तू टाकण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा, आणि विचारलंत तर त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर ऐका. पडदा काळा दिसला तर लगेच बंद करायचं बटण दाबू नका. कोपऱ्यात कुणीतरी लुकलुकत असेल.

आणि माझं म्हणाल, तर मला कायम ठेवा असं मी म्हणत नाही. मामांची बोटं सरळ होऊ द्या, मग खुशाल मला हातगाडीवर चढवा. पण तोवर, मामांच्याच शब्दांत सांगतो, नाही.