मिशन दवाखान्यामागची चूल

मी चूल बोलतेय, आणि आज जरा तावातच बोलणार आहे. मी धूर करते, भिंती काळ्या करते, एवढंच माझ्याबद्दल छापून आलं. माझी बाजू कोणी विचारलीच नाही.

कोल्हापुरातल्या एका मिशन दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पडक्या कुंपणाच्या तीन दगडांतून माझा जन्म झाला. पेशंटबरोबर आलेल्या कुणा बाईनं मला मांडलं आणि जाताना तसंच सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांची. सकाळी खतिजाबी आजारी नवऱ्यासाठी मटणाचा रस्सा करायची, दुपारी आजऱ्याकडची एखादी बाई भात शिजवायची. लिंगायत बाई आली की शेणाचा हात फिरवून मला सारवायची, आणि मी तिची व्हायचे. याला कोणी भेदभाव म्हणेल. होताच तो. पण एकाच चुलीवर सगळ्यांची पोटं भरत होती, हेही लिहून घ्या.

१९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका चर्चची तरुण मंडळी दोन महिन्यांच्या सेवेला आली. मनानं चांगली होती. त्यांनी भिंती रंगवल्या, जखमा धुतल्या. त्यांतली रूथ तर पेशंटच्या उशाशी बसून राहायची. धुरानं लाल झालेले बायकांचे डोळे तिला बघवेनात. म्हणून तिनंच पुढाकार घेऊन मला मोडलं आणि फुकट जेवणाचं स्वयंपाकघर उघडलं. सूप, पाव, उकडलेला भात. माझे दगड कुंपणाशी गेले. फोटो निघाले, त्यात सगळे हसत होते.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजकडच्या लिंगायत शांतव्वाचं पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली, पण तिनं तोंड मिटून घेतलं. सूप आलं, परत गेलं. भात आला, तोही परत गेला. डॉक्टर वैतागले. "पोटात काही गेलं नाही तर जखम भरणार नाही. बाई हातची जाईल."

रूथ रडवेली झाली. "आमचा धर्म वेगळा म्हणून खात नाही का?" तिनं शालूबाईंना विचारलं. शालूबाई तिथल्या जुन्या आया, स्वतः ख्रिस्ती. त्यांना इंग्रजी येत होतं, पण राग आला की त्या मराठीतच बोलत.

"जात-धरम हाय की त्यात, न्हाय कशाला म्हणू? पर अर्धमेल्या बाईला आत्ता शाणं करायला बसतीस व्हय? तिची लेक ज्वारीच्या कण्या घिऊन बसलीया. शिजवायला चूल कुठाय? ती तर तुम्ही मोडलीसा!"

रूथला शब्द कळले नाहीत. कुंपणाकडे उगारलेला हात कळला.

तिनं एकेक दगड उचलून आणला आणि घामाघूम होत मला मांडलं. खतिजाबीला हसू आवरेना. "अगं पोरी, वाऱ्याकडं तोंड केलंस की तिचं! भुवया जळतील तुझ्या." तिनं मला वळवून दिलं. शांतव्वाची लेक निर्मला हिनं मला सारवलं, जळणाला शेणी रचल्या. रूथ फुंकणी घेऊन फुंकत राहिली. डोळे गळत होते, नाक गळत होतं, पण उठली नाही.

निर्मलानं कण्यांची वाटी आत नेली. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"अव्वा, कण्या आणल्यात. मीच शिजवल्यात."

"चूल मोडलीती न्हवं? मांडली कुणी?"

आतला आवाज ऐकून रूथनं फुंकायचं थांबवलं.

"त्या गोऱ्या बाईनं," निर्मला म्हणाली. "मी सारवून घेतलीया."

मग चमचा वाटीला लागला. पुन्हा लागला.

"मीठ कमी हाय," शांतव्वा म्हणाली.

ती बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली. रूथही मायदेशी गेली. आता दवाखान्यात गॅसचं कँटीन आहे. माझा एक दगड तडकलाय, मी क्वचितच पेटते. त्याचं दुःख नाही. धुराची वकिली मी करणार नाही.

मात्र सेवेला येणाऱ्यांनो, परदेशातून या नाहीतर इथल्याच शाहूपुरीतून या, जरूर या. काही मोडायच्या आधी एवढंच विचारा, "बाई, तू काय खाणार?" आणि ती सांगेपर्यंत कुदळ खाली ठेवा.