व्होल्टेजचं निमित्त

कृष्णातने वीज मोजायच्या टाँगटेस्टरचा जबडा उघडला आणि मष्णूच्या मोटरकडे जाणाऱ्या वायरीभोवती बंद केला. काटा अकरा अँपिअरवर जाऊन थांबला. घटकेपूर्वी भावकूच्या मोटरला तोच काटा साडेसातवर होता. दोन्ही मोटरी पाच हॉर्सपॉवरच्या, एकाच विहिरीवरच्या, एकाच खांबावरून वीज घेणाऱ्या. दोन्ही चालू असतानाही व्होल्टेज चांगलं होतं. त्याने मीटर काढून पुन्हा लावून पाहिला. काटा अकरावरच.

विहिरीच्या काठावर गावची सात-आठ माणसं बसली होती. काकतीला हमरस्त्यावरच्या दुकानात जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा कृष्णात काय सांगतो, त्यावर भावकूचं पाणी ठरणार होतं. मष्णू आणि भावकू सख्खे भाऊ. दोन वर्षांपूर्वी मष्णूनं आपली जुनी मोटर कृष्णातकडून भरून घेतली. तेव्हापासून ती तीनदा जळाली, आणि तिन्ही वेळा कृष्णातने छातीठोक सांगितलं की भावकूची मोटर चालू झाली की व्होल्टेज पडतं, म्हणून ही जळते. तेवढ्यावरून भावांचं बोलणं बंद झालं. भावकूच्या मुलीच्या अक्षतांनाही मष्णू गेला नाही. शेवटी पंचांनी तोड काढली होती. मीटरनं तसंच दाखवलं तर भावकूनं आपली मोटर काढायची आणि दुसरीकडे विहीर खणायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथं तर न्याय करायला चोरालाच बोलावलं होतं.

जळालेल्या मोटरीतली जुनी तार छिन्नीनं तोडून काढायला अख्खा दिवस मोडतो. कृष्णात ती मोटर सरळ शेंगांच्या टरफलांच्या आगीत टाकायचा. तासाभरात तार मोकळी. पण त्या आगीत आतल्या पत्र्यांवरचं वार्निशही जळतं. मग मोटर तेवढंच पाणी उपसायला जास्त वीज खाते, तापते आणि पुन्हा जळते. बेळगावात शिकताना मास्तरांनी सांगितलं होतं की नीट भरलेली मोटर शेतकऱ्याच्या नातवालाही पुरते. हे विसरलो होतो, असं म्हणायचीही त्याला सोय नव्हती. दरवेळी आग पेटवताना ते आठवायचं. व्होल्टेजला तोंड नसतं, म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं की भागायचं. भावकूची मोटर मात्र त्याच्या दुकानात एकदाही आली नव्हती.

"काय म्हणतंय मीटर?" मष्णूनं विचारलं.

कृष्णातने मीटर वायरीवरून काढला. व्होल्टेज पडतंय एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मीटर वाचता येणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्याने भावकूकडे पाहिलं. तो आधीच हरल्यासारखा खाली बघत होता.

"अण्णा, व्होल्टेज बरोबर हाय. भावकूआप्पांची चूक न्हाय. चूक माझी हाय. मी तुमची मोटर आगीत टाकून भरत हुतो. त्यानंच ती जळाली. तिन्ही येळा."

 आता मष्णू पायातलं काढणार, असं त्याला वाटलं. काढलं असतं तर बरं झालं असतं. लाजेनं त्याचे कान तापले होते आणि मान वर होत नव्हती.

 मष्णूचे डोळे भरून आले.

"बघितलासा?" तो पंचांना म्हणाला. "आमचं भांडण मिटावं म्हणून ह्यो परका माणूस सगळं आपल्या अंगावर घ्यायलाय. आणि मी सख्खा भाऊ असून..."

 कृष्णातने शपथ घातली, पत्र्यांचं सांगितलं, वार्निशचं सांगितलं. तो जितकं सांगू लागला तितक्या माना डोलू लागल्या. एवढं मोठं मन आपण तालुक्यात बघितलं नाही, असं एक म्हातारा म्हणाला. भावकू उठून थोरल्या भावाच्या पाया पडला. मष्णूची बायको जयाबाई हिनं विहिरीलगतच्या वस्तीवर दोन्ही घरांची पानं एका पंगतीत मांडली आणि पहिलं पान कृष्णातला वाढलं. त्या मोटरीचे पत्रे गेलेत, आता नवीच घ्या, असं त्याने जेवताना मष्णूला सांगून पाहिलं. मष्णू हसला. तुझ्या हातची मोटर सोडून दुसरी कशाला, म्हणाला. कृष्णातला घास गिळवेना, आणि टाकायचीही लाज वाटली.

हात धुऊन तो बाहेर आला, तर भावकू आणि दोघेजण भावकूची मोटर विहिरीवरून सोडवून आणून बैलगाडीत चढवत होते.

"तुमच्यावर राग हुता, म्हणून कधी दुकानात आणली न्हाय," भावकू म्हणाला. "आता हिलाबी एकदा तुमच्या हातनं भरून द्या."

कृष्णात धावत गाडीकडे गेला आणि त्याने मोटरीला खालून हात घातला.

"आप्पा, उतरवा ही. हिला मी हात लावणार न्हाय."

भावकूचा चेहरा उतरला. मोटर गाडीवर टेकवून तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे तुमच्या मनातनं माझा राग गेला न्हाय अजून."