कापलेला समास

बाइंडरने कागदांचा गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून सारखा केला, यंत्रात सरकवला, चाक फिरवून आवळला आणि दांडा खाली ओढला. पातं चर्रकन उतरलं. बोटभर रुंदीच्या पट्ट्या पलीकडे पडल्या आणि गठ्ठ्याची कड इतकी सुरेख निघाली, की तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय त्याला राहवेना. पट्ट्या त्याने मुठीने गोळा करून रद्दीच्या पोत्यात टाकल्या.

हे काम कुठल्या गिऱ्हाइकाचं नव्हतं. रसायनशास्त्राच्या वहीऐवजी सुट्या कागदांवर टिपणं काढायची सवय त्याच्या मुलीला होती. अकरावी आणि बारावी मिळून दीडशे कागद जमले होते. एक आखीव, एक कोरा, एक भलताच लांबोडका. सोमवारी सराव परीक्षा आणि तीन आठवड्यांनी खरी परीक्षा, आणि पोरगी हे सगळं एका रबरबँडमध्ये कोंबून हिंडत होती. बाइंडरच्या पोरीच्या हातात रबरबँड! त्याला ते बघवत नसे. बुधवारी त्याने गठ्ठा मागून घेतला, "जरा नीट करून देतो" म्हणाला. तिच्या तोंडात टूथब्रश होता. तिने मान हलवली आणि पोहण्याच्या सरावाला पळाली.

"नीट म्हणजे काय करणार, ते सांगितलंत का तिला?" बायकोने विचारलं होतं.

"त्यात सांगायचं काय? बघेल ना."

आता निळ्या कापडी कण्याचे दोन खंड तयार झाले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याने पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरंही उठवली.

खरं सांगायचं तर हौस हे निम्मं कारण होतं. परीक्षा झाली की मुलगी दूरच्या कॉलेजात जाणार हे अकरावीपासूनच ठरल्यात जमा होतं, आणि गेली दोन वर्षं ती बापाशी बोलतच नव्हती. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. "जेवलीस?" "हो." "सोडू का?" "जाते मी." एवढंच. निदान आपल्या हातची एखादी वस्तू तरी तिच्याबरोबर जावी, असं त्याच्या मनात होतं.

हीच मुलगी सहा-सात वर्षांची असताना दुकानातल्या खोक्यावर बसून त्याचं डोकं खायची. कागदाने बोट कसं कापतं? दोरा मेणातून का ओढायचा? जुनं पुस्तक पिवळं का होतं? गिऱ्हाइकं तिला प्रश्नपत्रिका म्हणत. "काय प्रश्नपत्रिका, आज कोण नापास?" असं विचारत, आणि ती बापाकडे बोट दाखवी. तो मात्र कधी नापास झाला नाही. माहीत असेल ते सांगे, नसेल ते रचून सांगे. पुस्तक पिवळं का होतं? तर म्हातारं होतं म्हणून. ती ते मान डोलावून मान्य करी आणि पुढचा प्रश्न टाकी. ते दिवस त्याला अलीकडे फार आठवत. खोकं अजून होतं, त्यावर आता पुठ्ठे रचलेले असत.

एक वाजता मुलगी आली. केस ओले, खांद्यावर दोन पिशव्या. शनिवारी सराव आणि क्लास यांच्या मध्ये तिला वीस मिनिटं मिळत, आणि ती दुकानात त्याच्याबरोबर डबा खायला येई. त्याने खंड तिच्यापुढे ठेवले आणि उगाच खळीचं भांडं पुसायला घेतलं.

"अय्या, बाबा," ती म्हणाली. सोनेरी अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला. मग पहिला खंड उघडला, चार पानं उलटली, आणि तिचं बोट पानाच्या उजव्या कडेवर थांबलं. दुसऱ्या पानावर थांबलं. तिसऱ्यावरही.

"काय झालं?"

"कडेला मी लिहिलं होतं. समासात."

"कुठे?"

"इथे. सगळीकडेच." कडेला अर्धी तुटलेली जांभळी अक्षरं होती. "प्रत्येक पानावर नाही म्हणा."

वेगवेगळ्या मापांचे कागद आले की सगळ्यांत लहान कागदाच्या मापाला बाकीचे आणायचे, हा धंद्याचा पहिला धडा. दुसरा धडा त्याच्या वडिलांनी दिला होता, अक्षराकडे बघायचं नाही. बाइंडर वाचत बसला की काम बसतं, आणि पात्याखाली बोट जातं. तीस वर्षांत त्याने हजारो पुस्तकं बांधली, त्यातली दहा वाचली नसतील. त्याला कागदाचा पोत दिसे, जाडी दिसे, अक्षर दिसत नसे. पोटच्या पोरीचं अक्षरही दिसलं नव्हतं.

"महत्त्वाचं होतं का?"

मुलीने खंड मिटला. "असू दे, बाबा. बांधलेत छान." मग तिने डबा उघडला, अर्धा खाल्ला, आणि क्लासला उशीर होतोय म्हणून उठली. खंड तिथेच टेबलावर राहिले.

रागावली असती, आदळआपट केली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. 'असू दे' हे परक्या माणसाला म्हणतात. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं म्हणत त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि रद्दीचं पोतं जमिनीवर उपडं केलं.

आठवड्याभराच्या पट्ट्यांचा ढीग झाला. मुठीने टाकलेल्या काही जुड्या तशाच एकत्र होत्या, त्यातल्या त्यात तेवढं नशीब. मग त्याने सुरी घेतली आणि दोन्ही खंडांचे कणे उभे चिरले. आयुष्यात दुसऱ्याचं बांधकाम त्याने कितीदा उसवलं होतं. स्वतःचं, तेही दोन तासांपूर्वीचं, पहिल्यांदाच. पानं सुटी झाली. आता प्रत्येक पट्टी तिच्या पानाशी जुळवायची, मागून पातळ कागदाचा जोड द्यायचा, वर वजन ठेवायचं.

चार वाजता बायको आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि घरी जाताना इथे डोकावायची. नवरा जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि भोवती कागदाच्या शेवया बघून ती दारातच थांबली.

त्याने सांगितलं. पर्स खुंटीला अडकवून ती समोर बसली. चांगल्या बायका अशा वेळी 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणत नाहीत. ती म्हणाली, पण फक्त एकदा.

काम वाटून झालं. ती पट्टी उचलून वाचे, तो पान शोधून चिकटवी.

"'हे येणारच.' खाली दोन रेघा."

"कुठली शाई?"

"जांभळी. कागद आखीव."

"हां, दे."

"'सरांनी दोनदा सांगितलं.'"

"दे."

"'बाबांना विचारायचं, खळीत तुरटी का घालतात?'" बायको थांबली. "हे काय हो?"

तो ब्रश भांड्यावर टेकवून बसला. मग हात पुढे केला. तिने पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. तेच शब्द होते, आणि शेवटी प्रश्नचिन्ह, मोठ्ठं, लहानपणी काढायची तसं.

"पुढची वाच," तो म्हणाला.

पुढच्या चार नेहमीच्या होत्या. पाचवी होती, "'बाबांना विचारायचं, मेण लावलेला दोरा पाण्याने का कुजत नाही, त्यांना नक्की माहीत असेल.'" आणि मग आणखी एक, "'जुना कागद पिवळा, कारण आम्ल! बाबा म्हणायचे म्हातारा होतो म्हणून. सांगायचं त्यांना.'"

बायकोला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळ्याच्या कडेला बोट लावलं.

त्याला अकरावीचा पहिला महिना आठवला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन आली होती, काहीतरी दाखवायला, आणि तो म्हणाला होता, "आता मला काय विचारतेस? मी दहावीपर्यंतचा माणूस. सरांना विचार." अगदी हसत म्हणाला होता. मनात मात्र भीती होती, की आता रचून सांगितलेलं पकडलं जाईल. त्यानंतर घरात नियमच झाला. तिच्या अभ्यासाच्या वेळी रेडिओ नाही, पाहुणे नाहीत, गप्पा नाहीत. तिच्या दारावरून जाताना दोघं चपला हातात घेत. अभ्यासाला मदत म्हणजे गप्प बसणं, असं त्या दोघांनी ठरवून टाकलं होतं, आणि पोरीनेही ते ऐकलं होतं. प्रश्न तेवढे समासात सरकले.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"विचारायचे? हा अकरावा."

तो उठला आणि टेबलाच्या खणातून पेन्सिल घेऊन आला. पुस्तकात शाईने लिहायचं नसतं. एकेका प्रश्नाखाली तो उत्तर लिहू लागला. तुरटीच्या प्रश्नाखाली त्याने बारीक अक्षरात लिहिलं, 'बुरशी लागू नये म्हणून. आजोबा मोरचूदही घालत, त्याने किडे येत नाहीत. पण ते विषारी, हात धुवावे लागतात.' मेणाच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'मेण पाणी आत शिरू देत नाही. पुढचं तू सांग.' पिवळ्या कागदाच्या पट्टीखाली काय लिहावं हे त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, 'नापास.'

साडेपाचला ढिगाच्या तळाची एक पट्टी उरली. बायकोने ती उचलली, पण वाचली नाही. नवऱ्यापुढे ठेवली आणि खळीचं पाणी बदलायला मोरीकडे गेली.

'बाबांना विचारायचं, मी गेल्यावर शनिवारी डबा कोणाबरोबर खाणार?'

ती पट्टी त्याने इतर पट्ट्यांपेक्षा जपून चिकटवली. खालची जागा कोरी राहिली. दोन्ही गठ्ठे त्याने पुन्हा शिवले, या वेळी न कापता, आणि कडा वेड्यावाकड्या तशाच ठेवल्या. कुठल्या गिऱ्हाइकाला असं काम दाखवलं असतं तर त्याने दुसरं दुकान गाठलं असतं.

साडेसहाला मुलगी खंड न्यायला आली. आई-बाबा दोघंही दुकानात, आईच्या बाहीला खळ लागलेली, हे बघून ती जरा गोंधळली. पुस्तकाच्या खडबडीत कडा बघून तिने वडिलांकडे पाहिलं आणि वरचा खंड उघडला.

ती एकेक पान उलटत गेली. 'नापास'पाशी ती फसकन हसली. मग खोक्यावरचे पुठ्ठे उचलून खाली ठेवले आणि त्यावर बसून पुढे वाचू लागली.

"मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही विचारलेलं," ती पानाकडे बघतच म्हणाली.

"मला वाटलं, तुला वेळ नाही."

"नव्हताच." तिने पान उलटलं. "म्हणून लिहून ठेवत होते. परीक्षा झाली की एकदम विचारणार होते सगळं."

आईने बाहीवरची खळ नखाने खरवडायला सुरुवात केली. मुलगी दुसऱ्या खंडाच्या शेवटाशी पोचली आणि थांबली. पुस्तक वळवून तिने वडिलांपुढे धरलं.

"हा कोरा सोडलात."

"तो नाही येत मला."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

"न येणारा प्रश्नही कोरा सोडायचा नसतो, बाबा. निदान पहिली पायरी मांडायची. तिलाही गुण असतात." आणि तिने टेबलावरची पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.

त्याने चष्मा पुसला, लावला. पट्टीखाली सावकाश लिहिलं आणि पुस्तक परत तिच्याकडे वळवलं.

'सकाळी सहा चाळीसची बस. तिकडे पावणेबाराला पोचते. परतीची साडेचारला. शनिवारी दुकान बंद.'

मुलीने ते दोनदा वाचलं. आईनेही मान तिरकी करून वाचलं, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"या वेळा कुठून आणल्यात?" मुलीने विचारलं.

"स्टँडवर विचारल्या होत्या."

"कधी? आज तर तुम्ही इथेच होतात."

बाइंडरने ब्रश पाण्यात बुडवला, त्याचे केस बोटांनी सारखे केले आणि तो उलटा करून डब्यात ठेवला.

"तू अकरावीत गेलीस ना," तो म्हणाला, "त्याच आठवड्यात."