थेन जॉर्गेन्सनसाठी एक मुकी विनंती

चहाला नाही म्हणणारा माणूस हिकरी फोर्कमध्ये आजवर एकच होऊन गेला होता, आणि त्याला निदान मूतखडा तरी होता. थेन जॉर्गेन्सनला तसलं काहीच नव्हतं. पंचेचाळिशीचा, धडधाकट, बोअर मारण्याचा धंदा करणारा माणूस. ओर्लीन स्ट्रिबलिंगच्या पोर्चवर बसून, बर्फ घातलेल्या गोड चहाच्या ग्लासाकडे आदरानं बघत तो म्हणाला, "मिस ओर्लीन, मला आपलं पाणी चालेल." हिकरी फोर्कमध्ये लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिसच म्हणत.

ओर्लीनच्या मनात पाल चुकचुकली.

"बरं वाटत नाही का तुला?"

"तसं नाही मॅडम. आम्ही चहा घेत नाही."

"आम्ही म्हणजे? बोअरवाले?"

"आम्ही म्हणजे मॉर्मन पंथाचे."

आता हे काही गुपित नव्हतं. बारा वर्षांपूर्वी तो आयडाहोहून बायको, पाच मुलं आणि बोअरचं यंत्र घेऊन आला, तेव्हापासून सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. अर्ध्या गावाच्या घशाखाली उतरणारं पाणी त्यानंच काढलेलं होतं. पण गावाला ठाऊक असणं वेगळं आणि त्यानं ओर्लीनच्याच पोर्चवर बसून ते तोंडानं बोलून दाखवणं वेगळं.

त्याचं येण्याचं कारण असं. काउंटी कौन्सिलचा एक सभासद वारला होता आणि येत्या मंगळवारी त्या जागेसाठी पोटनिवडणूक होती. हिकरी फोर्कमधलं अँब्युलन्सचं ठाणं बंद करावं की नाही, यावर उरलेल्या सहाजणांत तीन विरुद्ध तीन असं अडकलं होतं. नवा येईल तो निकाल लावणार. एकीकडून डीकन वेंडेल ट्यूटन उभा होता, दुसरीकडून थेन. वेंडेलचं म्हणणं, ठाणं बंद करा, कर वाचवा. थेनचं म्हणणं, ठाणं राहू द्या.

ओर्लीनच्या दृष्टीनं प्रश्न याहून लहान होता. गेल्या ऑक्टोबरात तिचा नवरा हॉइट उकडलेल्या शेंगा सोलता सोलता खुर्चीतून खाली आला होता. अँब्युलन्स नऊ मिनिटांत पोचली. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी चार मिनिटं लागली असती तर शेंगा तुम्हालाच संपवाव्या लागल्या असत्या. काउंटीच्या मुख्य गावाहून अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतात.

म्हणजे मत कुणाला द्यायचं हे उघड होतं. पण वेंडेल बॅप्टिस्ट होता, तिच्या चर्चचा डीकन म्हणजे कारभारी होता, आणि हा गृहस्थ पाणी पीत होता.

"तू ख्रिस्ती आहेस का?" तिनं सरळच विचारलं.

"हो मॅडम."

"आमचाच येशू?"

"मला दुसरा माहीत नाही."

"आणि बायबलखेरीज ते तुमचं जास्तीचं पुस्तक?"

"ते आहे. लपवत नाही मी." त्यानं ग्लास खाली ठेवला. "देव कसा, किती, कुठं, यावर तुमचं-आमचं जुळायचं नाही, मिस ओर्लीन. जुळवायला मी आलोही नाही. मी अँब्युलन्ससाठी आलोय."

आतून हॉइट ओरडला, "काय रे, मेल्यावर म्हणे तुम्हाला एकेक ग्रह मिळतो?"

"मला तरी कुणी तसा शब्द दिलेला नाही, मिस्टर हॉइट."

"मिळालाच तर तिथं एक अँब्युलन्स ठेव."

दोन तास तिनं त्याला खालीवर पारखलं. कुठं फट सापडेना, आणि हीच गोष्ट तिला खटकली. ज्याच्यात काहीच सापडत नाही, त्यानं ते नीट लपवलेलं असतं. जाताना तर त्यानं मतही मागितलं नाही! वेंडेल दारोदार स्वतःचा फोटो छापलेले पुठ्ठ्याचे पंखे वाटत होता. त्याच्या पोटात काय आहे ते पंख्यावर लिहिलेलं होतं. हा मात्र नुसता "आभारी आहे" म्हणून गेला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला पास्टर डॉयल लेडबेटर यांनी विषयाला हात घातलाच. "मी कुणाला मत द्या असं सांगत नाही," असं म्हणून त्यांनी ते पंधरा मिनिटं सांगितलं. "शेजारी म्हणून उत्तम माणूस आहे. पण त्याला मत देणं म्हणजे खोट्या सुवार्तेला पाट मांडून देणं."

"ब्रदर डॉयल, अँब्युलन्सचं काय?" हॉइटनं मागच्या बाकावरून विचारलं.

"ब्रदर हॉइट, आपलं हृदय प्रभूच्या हातात असतं."

"असतं ना. पण सुरू केलं ते निळ्या शर्टातल्या दोन पोरांनी."

मग प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, सगळ्यांसाठी हात वर होत होते. ओर्लीननंही हात वर केला.

"थेन जॉर्गेन्सनसाठी. मुकी."

पास्टरांनी लिहून घेतलं. मुकी विनंती म्हणजे नाव सांगायचं, कारण सांगायचं नाही. विचारायचंही नाही, ते देवाला ठाऊक असतं. ओर्लीनचं कारण साधं होतं: देवा, हा माणूस सरळ आहे की नाही, एवढं मला मंगळवारच्या आत कळू दे. पण हे चारचौघांत कसं बोलणार?

ओर्लीन चर्चच्या प्रार्थना-साखळीची प्रमुख होती. चौतीस बायका, ओर्लीननं मॉडीन गास्कीला फोन करायचा, मॉडीननं पुढचीला, असं करत तासाभरात सगळं चर्च गुडघ्यावर. कारण विचारायची बंदी असल्यामुळं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त अंदाज केला. गुरुवारी सकाळी थेनची किडनी गेली. दुपारी बायको सोडून गेली. संध्याकाळी धंदा बुडाला. शुक्रवारी मात्र मॉडीननं डोकं चालवलं. ओर्लीननं मॉर्मन माणसासाठी मुकी विनंती का करावी? तो तिच्या पोर्चवर दोन तास का बसला होता? नुसतं पाणी पीत?

माणसाचं मन पालटत होतं! ओर्लीननं त्याला प्रभूच्या दाराशी आणून उभं केलं होतं, आणि आता तो बाप्तिस्मा घेणार होता.

शुक्रवार मावळेपर्यंत हे पक्कं झालं. साखळीतून आलेली गोष्ट कुणी तपासत नाही, कारण ती अफवा नसते, प्रार्थना असते. आणि मग हिकरी फोर्कच्या बॅप्टिस्टांना नवीच चिंता लागली. तारणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला निवडणुकीत पाडायचं? उद्या तो मागं फिरला तर त्याचा आत्मा कुणाच्या माथी? वेंडेलच्या बायकोनं वेंडेललाच विचारलं म्हणे, की तू निदान थोडा कमी प्रचार का करत नाहीस?

शनिवारी सकाळी थेन आला. पोर्चवर चढला नाही. टोपी हातात घेऊन अंगणातच उभा राहिला.

"मिस ओर्लीन, हार्डवेअरच्या दुकानात तिघांनी माझं अभिनंदन केलं. एकानं सोनेरी अक्षरांत माझं नाव घातलेलं बायबल दिलं. माझ्या बायकोला कुणीतरी बाप्तिस्म्याच्या झग्यासाठी माझं माप विचारलंय."

"अगंबाई."

"मी माझं चर्च सोडत नाहीये. कधी सोडणारही नाही. हे तुमच्यापासून सुरू झालं म्हणतात. तुम्हीच सांगा सगळ्यांना."

"पडशील."

"पडेन कदाचित."

"मग कशाला सांगायचं? मंगळवारनंतर सांग."

"कारण ते खरं नाही, मॅडम."

ओर्लीननं त्याच्याकडे उजेडात अंडं धरून बघावं तसं बघितलं. ताटात वाढून आलेलं कुणी परत पाठवतं? एक तर हा माणूस प्रामाणिक होता, नाहीतर इतका खोल होता की त्याच्याच यंत्राला तळ लागला नसता. आणि या दोहोंतलं नक्की कोणतं, ते देव अजूनही सांगत नव्हता.

"सांगते मॉडीनला," ती म्हणाली.

"मीही सांगतोय, भेटेल त्याला," थेन म्हणाला आणि गेला.

तिनं फोन लावला.

"मॉडीन, थेन जॉर्गेन्सन बाप्तिस्मा घेणार नाही. त्यानं स्वतः मला सांगितलंय."

 पलीकडून मॉडीनचा गहिवरलेला आवाज आला. "घाबरलाय गं बिचारा. माझा भाऊ अस्साच करायचा. 'येणार नाही, येणार नाही' म्हणत होता, आणि त्याच रविवारी रडत रडत बाप्तिस्म्यासाठी पुढं चालत आला. आता तर आणखी जोरानं प्रार्थना करायला हवी."

ओर्लीननं तोंड उघडलं. मॉडीन, तसलं काही नाही, विनंती मी माझ्याचसाठी केली होती, एवढं म्हटलं असतं की झालं. जाळीच्या दारातून तिला हॉइट दिसत होता. त्याचा हात छातीवर होता. डास चावला होता, तिथं खाजवत होता; पण हात छातीवर होता.

"मी तुला सांगितलंय हं, मॉडीन," ती म्हणाली.

"सांगितलंस गं. मी काय ते ओळखलं."

मंगळवारी थेन एक्केचाळीस मतांनी निवडून आला. पुढच्या सोमवारी त्यानं शपथ घेतली आणि त्याच बैठकीत ठाणं चार विरुद्ध तीन मतांनी वाचलं.

बुधवारी ओर्लीन जरा लवकर चर्चमध्ये गेली, तर पास्टर डॉयल बाह्या वर करून बाप्तिस्म्याच्या हौदापाशी ओणवे झालेले. हौद काठोकाठ भरलेला.

"कालपासून हीटर लावलाय," ते खुशीत म्हणाले. "छान कोमट झालंय. रविवारी सकाळचीच वेळ ठेवू ना?"

"तो येणार नाही, ब्रदर डॉयल. तसं कधी ठरलंच नव्हतं."

पास्टरांनी पाण्यातून हात बाहेर काढला. "तुम्हाला कधी कळलं?"

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानं शनिवारी येऊन पुन्हा सांगितलं."

"म्हणजे मतदानाआधी."

"मी मॉडीनला सांगितलं होतं."

"मॉडीनला?" पास्टर सरळ उभे राहिले. "मिस ओर्लीन, कुणाचा जावई दारू पितो हे तुम्ही तासाभरात चौतीस घरी पोचवता. आणि हे एकट्या मॉडीनला? किती वेळा?"

"एकदा."

"आणि जॉर्गेन्सन?"

"तो भेटेल त्याला सांगत होता. मतदानाआधीच्या रविवारी आपल्याच पार्किंगमध्ये उभा राहून सांगत होता. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जेवायला गेले."

पास्टर तिच्याकडे बघत राहिले. ते बघणं ओर्लीनला चांगलंच ओळखीचं होतं. गेले पंधरा दिवस ती तसंच थेनकडे बघत आली होती.

"साखळीची यादी माझ्याकडे द्या," ते म्हणाले.

तिनं पर्समधून यादी काढून दिली. अठरा वर्षं ती यादी त्या पर्समध्ये होती. कडा मऊ पडल्या होत्या. पास्टरांनी ती घडी करून खिशात घातली आणि हौदाचं बूच काढलं.

घरी हॉइट जेवणाच्या टेबलाशी बसून होता. "लवकर आलीस?"

"साखळी काढून घेतली माझ्याकडून."

"आणि अँब्युलन्स?"

"ती आहे."

हॉइटनं मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, लोणी लावलं. मग त्याला काहीतरी सुचलं आणि सुरी हातातच राहिली.

"एवढं सगळं केलंस. मत तरी त्यालाच दिलंस ना?"

ओर्लीननं बिन्सचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं.

"तो निवडून येणार हे ठरलेलंच होतं, हॉइट. माझ्या एका मतानं काय अडणार होतं?"

"ओर्लीन."

"तो मॉर्मन आहे, हॉइट," ती म्हणाली. "जेव."