जोर कुठं?

अर्धांगाच्या झटक्यात मास्तरांचा उजवा हात गेला, वाचा गेली. ताठा तेवढा जागच्या जागी राहिला. स्पीच थेरपिस्ट पोरगी घरी यायची, पाण्याच्या पेल्याचं चित्र समोर धरायची आणि लाडानं म्हणायची, "काका, म्हणा बघू, पा-णी." मास्तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला बालवाडीत बसवलं, तर तो दुसरं काय करणार?

शेवटी पोरगी मास्तरांच्या बायकोला म्हणाली, "काकू, आता एक तरी शब्द फुटायला हवा. नाहीतर पुढं फार अवघड जाईल."

काकूंची स्वतःची शाळा लवकरच सुटलेली. पण मास्तरांच्या शिकवण्या बाहेरच्या खोलीत चालायच्या, आणि काकूंचे हात पिठात असले तरी कान मोकळेच असायचे. लांबलचक शब्द आला की मास्तर टेबलावर थापा मारत त्याचे तुकडे पाडायचे आणि विचारायचे, "जोर कुठं?" कुणी भलत्याच तुकड्यावर जोर दिला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पोरीनं पुन्हा पेल्याचं चित्र पुढं केलं, तशी काकूंनी तिला बाजूला सारलं. मास्तरांसमोर बसून त्यांनी टेबलावर थापा मारल्या. "अहो, ऐका. इ-लेक-ट्रि-सि-टी." जोर दिला 'लेक'वर.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, एवढा मोठा शब्द?" पोरगी कुजबुजली.

"छोट्या शब्दांत त्यांना अपमान वाटतो गं." काकूंनी पुन्हा 'लेक'वरच दणका दिला. मग आणखी एकदा, मुद्दाम वेळ घेऊन. मास्तर लालबुंद झाले. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि टेबलावर आदळला.

"ट्रि!"

मग त्याच हातानं थापा मारत मास्तर पहिल्यापासून निघाले. "इ... लेक... ट्रि... सि... टी." शेवटचा तुकडा वाकडा आला, तो त्यांनी परत घेतला आणि नीट म्हटला.

"काकू, मुद्दाम चुकलात ना?"

"तर! इतकी वर्षं ऐकतेय, मला कळत नाही होय?" काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ऊर अभिमानानं भरून आला होता.

"वा काका, कमाल केलीत तुम्ही!" पोरीनं टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी मान हलवली. नाही. बायकोकडे बोट दाखवलं, श्वास घेतला आणि टेबलावर दोनच थापा मारल्या.

"हि-नं."

सगळा जोर 'हि'वर होता.