दोनदा आलेली सप्तमी

लाल पेन्सिलीचं टोक पंचांगाच्या प्रुफातल्या सप्तमीवर टेकून तसंच राहिलं... मंगळवारी सप्तमी आणि खालच्या ओळीत, बुधवारीही सप्तमीच. ठकीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि खालची सप्तमी सरळ खोडून टाकली. अण्णांना न विचारता. जन्मभर पंचांगाचं गणित करणाऱ्या बापाची चूक पोरीने काढायची, अशी वेळ आजवर आली नव्हती.

सकाळीच नाही का, अण्णांनी विचारलं होतं, धाकट्याचा फोन आला होता का म्हणून. तिने सांगितलं, आला होता, तुमची चौकशी करत होता. दाढी उरकून गाल पुसत बाहेर आले, तर पुन्हा तेच. तेव्हा ती वसकन अंगावर गेली. आत्ताच सांगितलं ना अण्णा, किती वेळा सांगायचं! ते टॉवेल घेऊन तसेच आत वळले. आणि तिचा धाकटा भाऊ खरं काय म्हणाला होता, ते तरी तिने कुठे सांगितलं होतं? "साठी बुद्धी नाठी म्हणतात, यांची तर ऐंशी उलटली. ताई, यंदाचं पंचांग शेवटचं, असं तूच सांगून टाक त्यांना." तूच! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला नेहमी ताईच.

बरं, सांगते. संध्याकाळी छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येईल, तो गेला की सांगते... पण सप्तमी खोडली, तर बुधवारी लिहायचं काय? अष्टमी. मग ती सुरू कधी होते? काही केल्या तिला राहवेना. कागद उलटा करून तिने स्वतःच गणित मांडलं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते. आणि चंद्र काही कोणाच्या घड्याळाचा नोकर नाही, कधी पळतो, कधी रेंगाळतो. या खेपेला रेंगाळला होता. मंगळवारी उजाडायच्या जरा आधी आलेली सप्तमी बुधवारचा सूर्य उगवला तरी जेमतेम टिकून होती — आणि उगवत्या सूर्याला जी तिथी सापडते, दिवस तिचा. हे तर तिला परकर नेसायच्या वयापासून पाठ! मग आज कसं विसरली? चूक सापडावी म्हणूनच बघत होते की काय मी...

तिला आधी हसू आलं, मग लाज वाटली. पलीकडच्या टेबलाशी अण्णा पुढच्या महिन्यात बुडाले होते.

"अण्णा, सप्तमी दोनदा आलीय."

"येणारच," ते मान वर न करता म्हणाले. "दुसऱ्या दिवशीही सूर्य उगवताना तीच होती दारात. तिला काय हाकलून द्यायची?"

बरोबर होते ते. अगदी बरोबर. धाकट्याला आत्ता फोन करून ऐकवावं, असं तिला वाटलं. ती खोडरबर घासू लागली. लाल रेघ फिकी झाली, पण गेली नाही. तेव्हा तिने समासात लिहिलं — आहे तसेच ठेवावे.

"ठके," अण्णांनी मान वर केली. "धाकट्याचा फोन आला होता का गं?"

तिने खोडरबर बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. तेच डोळे, तोच आवाज, आत्ता सप्तमीबद्दल बोलला तोच... दोन्ही खरं कसं असू शकतं? आणि संध्याकाळी यांतल्या कोणत्या अण्णांना सांगायचं?

"आला होता," ती म्हणाली. जणू पहिल्यांदाच विचारलं होतं. "तुमची चौकशी करत होता."