कुठली आरी?

एल्मुरोद रॉकेलचा डबा घेऊन अंगणात आला, तशी त्याची आई सालोमत काळ्या माश्या घोंगावत असलेल्या शेणखताच्या ढिगापुढे आडवी उभी राहिली.

"आई, सरक."

"आधी या कोण आहेत ते कळू दे."

"कोण म्हणजे? आऱ्या! अंगठ्याएवढ्या आहेत, दिसत नाहीत?"

मार्गिलोनजवळच्या त्या गावात मधमाशीपासून गांधीलमाशीपर्यंत डंख मारणारी प्रत्येक माशी आरीच. गेल्या उन्हाळ्यात सालोमतच्या सुनेला, नफीसाला, याच अंगणात आरी चावली. घसा सुजला, दवाखाना गाठेपर्यंत ओठ निळे पडले. "कुठली आरी?" डॉक्टरने विचारलं, तर सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलं. तो प्रश्न सालोमतला वर्षभर सलत होता.

आता नफीसा बाळंतपणासाठी माहेरी होती. शुक्रवारी बाळाचे चाळीस दिवस भरले की ती परत यायची होती. निघताना तिने रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली रोटी तिने परत येऊन संपवायची म्हणून खिळ्याला टांगलेली होती. पण तिच्या बापाचा निरोप आला होता, अंगणात आरी असेपर्यंत मुलगी पाठवणार नाही.

"आज मंगळवार," एल्मुरोद वैतागला, "आणि तू यांची जातकुळी काढत बस!"

"बसणारच. ढीग जाळशील, साफ झालं म्हणून सांगशील, आणि चावणारी दुसरीकडेच असली तर? मग काय करशील, शहाण्या?"

त्याने डबा खाली ठेवला.

सालोमत चहाची किटली घेऊन ढिगासमोर बसली. या आऱ्या काळ्याभोर होत्या, डोक्याला पिवळं टक्कल. प्रत्येकीचा कारभार वेगळा, कुणाचा कुणाला पत्ता नाही. काठीने ढोसलं तर उडून गेल्या. शेवटी तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला. एल्मुरोद ओरडला, पण एकीनेही तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"टकल्या निरुपद्रवी," तिने निकाल दिला. "आता दुसरी शोधायची."

बुधवारी तिने खरबुजाची फोड उघड्यावर ठेवली. तांबूस अंगाची, शेपटीकडे पिवळा पट्टा असलेली एक आरी आली, तुकडा तोडून सरळ जुन्या तंदुराकडे गेली. सालोमत तिच्यामागे. तंदुराच्या बुडाशी भोक होतं. तोंडाशी दोघी पहाऱ्याला, एक मातीची गोळी घेऊन बाहेर पडत होती. सालोमतने काठी आपटली मात्र, चौघी तुटून पडल्या. मानेला डंख बसला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसत पळाली.

"सापडली रे! हीच ती!"

एल्मुरोदचा चेहरा पडला. तंदूर आजीने स्वतःच्या हातांनी घडवलेला. ती गेल्यापासून सात वर्षं कुणी त्यात विस्तव घातला नव्हता, आणि घरचा तंदूर कुणी फोडत नाही.

"फोडायचा कशाला?" सालोमत म्हणाली. "पेटवायचा."

गुरुवारी उजाडायच्या आत, सगळ्या जणी आत असताना, तिने डोक्यापासून पायापर्यंत गोधड्या गुंडाळून भोकात ओली माती ठासली. दोघांनी तंदूर पऱ्हाट्यांनी भरला आणि पेटवला. दुपारपर्यंत जाळ ठेवला. मातीतली घरघर थांबली आणि मग तंदूर वरपासून खालपर्यंत तडकला. सालोमत तिथेच खाली बसून रडली. "सासूबाई, रागावू नका," ती म्हणाली, "नातसुनेसाठीच केलं."

संध्याकाळी एल्मुरोदने सासऱ्याला पाहिलं तसं सांगितलं: चावणाऱ्या गेल्या, टकल्या आहेत. सासऱ्याने टकल्यांबद्दल दोनदा खोदून विचारलं आणि मग मुलीला पाठवायला होकार दिला.

शुक्रवारी नफीसा बाळाला घेऊन फाटकात आली, तोच ढिगावरून एक भलीमोठी काळी आरी घोंगावत उठली. नफीसाचा पाय उंबऱ्यावरच थिजला. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. एल्मुरोद पुढे धावणार, तर सालोमतने त्याला हाताने अडवलं. तिची मान अजून सुजलेली होती.

नफीसाने सासूच्या मानेकडे पाहिलं, मग आरीकडे.

"आई," तिने विचारलं, "ही कुठली?"

"टकली. घरचीच आहे."

नफीसा आत आली. सालोमतने खिळ्यावरची रोटी काढली. ती लाकडासारखी कडक झाली होती. नफीसाने ती चहात बुडवली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.